पाचवीचा कागद

"हा दगड इथे कोणी आणला?"

डॉक्टर मथुरे बायकांच्या वॉर्डाच्या दारात उभे होते आणि त्यांची छडी तीन नंबरच्या खाटेखाली रोखलेली होती. खाटेखाली पाटा होता. घरोघरी चटणी वाटतात तसलाच, वर आडवा वरवंटा. खाटेवर रंगू, तिच्या कुशीत पाच दिवसांची मुलगी. पायथ्याशी रंगूची सासू सोनूबाई बसली होती. मिठागरापलीकडच्या पाड्यावरून तो पाटा तिने भर उन्हात डोक्यावर आणला होता.

शिपाई सदा हातातला झाडू उगाचच दुसऱ्या हातात घेत राहिला.

"ए मिठागर!" डॉक्टरांनी हाक मारली. "इकडे ये!"

ही हाक नर्स कृष्णाबाईला होती. नऊ वर्षं ती याच हाकेला ओ देत आली होती. तिचा जन्म पेणच्या खाडीतल्या मिठागरावरचा, बाप मीठ ओढणारा. एकोणिसाव्या वर्षी नवरा हिरामण पटकीने गेला, तेव्हा ती मुंबईला भावाकडे राहिली आणि एका बाळंतपणाच्या इस्पितळात आया म्हणून लागली. आयाची नर्स व्हायला तिला सहा वर्षं लागली. सर्टिफिकेट हातात आलं आणि किहीमच्या अलीकडच्या या खाडीकाठच्या गावात, एका मुंबईकर शेटजींच्या धर्मादाय दवाखान्यात तिची नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी कागद वाचून विचारलं, "मिठागरातली का?" आणि तिथेच तिचं बारसं झालं. माणसाच्या काही गोष्टी पाचवीलाच पुजलेल्या असतात म्हणतात. कृष्णाबाईच्या पाचवीला मथुरे डॉक्टर पुजले होते.

डॉक्टर म्हणून माणूस वाईट नव्हता. हात हलका, निदान बरोबर. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. दवाखान्यात एकच स्टोव्ह, त्यावर सकाळी आधी साहेबांच्या दाढीचं पाणी तापायचं आणि मग बाळंतिणींची हत्यारं उकळायची. कधी लहर लागली की पेशंटांसमोर बाटली पुढे करून तिला म्हणायचे, "वाच बघू लेबल." तिचा इंग्रजी उच्चार अडखळला की स्वतः हसायचे आणि कंपाउंडर भागोजीलाही हसायला लावायचे. भागोजी बिचारा हसायचा, मग आत जाऊन तिची माफी मागायचा. आई गेल्याची चिठ्ठी पेणहून आली, तेव्हा रजा मिळाली ती तेराव्याच्या दिवशी. कृष्णाबाई हे सगळं गिळत आली होती. पोटापाण्याची नोकरी, आणि चार खाटांचा तो वॉर्ड. तो वॉर्ड तिचा जीव होता.

"मी विचारतोय, हा दगड कोणी आणला?"

सोनूबाईच उठली. "मी आनलाय, डाक्टरसाब. आज पाचवी हाय पोरीची. सटवाय येल, कपालावर लिवून जाईल. पाटा नसंल तं ती येनार न्हाय."

"हा दवाखाना आहे, देऊळ नव्हे! सदा, उचल तो धोंडा आणि टाक बाहेर गटारात."

सदाने पाट्याकडे पाहिलं, कानाच्या पाळीला हात लावला आणि जागचा हलला नाही. "साहेब, दुसरं काय बी सांगा," तो पुटपुटला.

सोनूबाई रंगूकडे वळली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. "ऊठ गो. पाचवी नसंल तं आपन घरी जाऊ. कान्हाला डोली आनाया धाडते."

कान्हा म्हणजे रंगूचा नवरा. तो बाहेर पिंपळाखाली बसून होता. हाक मारायचाच अवकाश.

रंगूचं बाळंतपण चिमटे लावून झालेलं, टाके ओले, आणि तिसऱ्या दिवसापासून अंगात ताप. तो ताप कसला, हे कृष्णाबाईला माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. पाड्यावरच्या अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या धुरात, जुन्या चिंध्यांवर रंगू गेली तर पुढे काय, तेही दोघांना माहीत होतं.

कारण गेल्या मार्गशीर्षात जनी अशीच गेली होती. हाच वॉर्ड, हीच खाट. जनीच्या पाचवीचा दिवा आणि वाल-भाताचा द्रोण डॉक्टरांनी खिडकीतून फेकून दिला, घरच्यांनी तासाभरात डोली आणली, आणि आठव्या दिवशी जनी गेल्याची बातमी आली. त्या दिवशी कृष्णाबाई काय म्हणाली होती? "होय, साहेब." एवढंच. मग खाट पुसून तिने नवी चादर घातली होती. ते "होय, साहेब" तिच्या घशात अजून माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. त्यानंतर तीन महिने पाड्यावरची एकही बाई वॉर्डात आली नाही. कृष्णाबाई उन्हातान्हात घरोघर हिंडली, दारात बसून तिने चहा घेतला, शपथा घातल्या. "पाचवी करू देईन," असा शब्द तिने स्वतः सोनूबाईला दिला, तेव्हा कुठे रंगू इथे आली होती.

"मिठागर, ऐकू येत नाही? तू उचल!"

कृष्णाबाई चालत गेली आणि पाटा व छडी यांच्या मध्ये उभी राहिली.

"पाटा राहील, साहेब."

"काय?"

"पाटा राहील. मी तो उकळत्या पाण्याने घासलाय, कार्बोलिकने दोनदा पुसलाय. आपल्या टेबलापेक्षा स्वच्छ आहे. रंगूला अजून निदान आठ दिवस इथून हलवायचं नाही. ती इथे राहायची तर पाटा राहील."

भागोजी कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला होता. बाजूच्या खोलीतले पेशंटही माना काढून बघत होते. डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मला शिकवतेस? अडाणी बायकांच्या खुळात तू सामील? शिकून काय उपयोग झाला तुझा? विज्ञान म्हणून काही चीज आहे की नाही!"

"आहे ना, साहेब," कृष्णाबाई म्हणाली. "आपल्या धाकट्या बाळाच्या वेळीही होतं. तेव्हा आपल्या बंगल्यात पाटा पुजला होता. आईसाहेबांनी मांडला, आणि कागद-टाक आणून द्यायला मला सांगितलं. मीच दिला. आपण सोवळं नेसून नमस्कार केलात. मी दारातून पाहिलं."

बाजूच्या खोलीत कोणीतरी खोकल्याच्या निमित्ताने हसलं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गावाला काही नवीन नव्हतं, पण कोणी ते साहेबांच्या तोंडावर इतकं सरळ मांडलं नव्हतं.

डॉक्टरांनी छडी खाली घेतली. ते ऑफिसात गेले आणि दोन मिनिटांत परत आले ते दवाखान्याच्या शिक्क्याचा एक कोरा कागद आणि टाक-दौत घेऊन. ते सगळं त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं.

"माफीनामा लिही. 'मी अडाणी समजुतीच्या आहारी जाऊन वरिष्ठांचा अवमान केला, पुन्हा असे होणार नाही.' खाली सही. उद्या सकाळी आठला माझ्या हातात पडला पाहिजे. नाही पडला तर हा धोंडा आणि तू, दोघंही बाहेर."

ते गेल्यावर सोनूबाईने कृष्णाबाईचा हात धरला. "बाय, तुजी नोकरी जाईल गो. आमी जातो घरी. तुज्या पोटावर पाय नको आमच्यापायी."

"बसा तुम्ही." मग ती नकळत आपल्या मूळच्या बोलीवर आली. "पोरीची पाचवी हाय ना आज? मंग मांडा की."

दिवेलागणीला पाचवी मांडली. पाट्याला हळदकुंकू लागलं, वरवंट्याला खणाचा तुकडा गुंडाळला, भिजवलेले वाल आणि भात द्रोणात घातला. सोनूबाईने कमरेची पिशवी उलटीपालटी केली आणि कपाळावर हात मारला.

"आगो बाय! कागुद न्हाय आनला! कोरा कागुद नि टाक लागतो. सटवाय लिवनार कशावर?"

कृष्णाबाईने खिडकीकडे पाहिलं. कागद तिथेच होता, वर दवाखान्याचा शिक्का, टाक आणि दौत शेजारी. नऊ वर्षांचा हिशेब माणूस एका क्षणात करतो म्हणतात, पण तिने तसलं काही केलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर जनीची खाट आली आणि ती पुसणारा स्वतःचा हात आला, बस्स. तिने कागद उचलला, टाक-दौत उचलली आणि पाट्यासमोर नीट मांडली.

"हा घ्या. चांगला कागद हाय."

"सायबाचा ना गो तो?" रंगू उशीवरून दबकत म्हणाली.

"आता तुझ्या लेकीचा."

रंगू हसली. तापाने तिचे ओठ फुटले होते, हसताना दुखले असतील, पण ती हसली.

सकाळी आठला डॉक्टर आले. त्यांनी नुसता हात पुढे केला. कृष्णाबाईने कागद त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. शिक्का सोडला तर दोन्ही बाजू कोऱ्या. कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट उमटलं होतं.

"हे काय?"

"काल तो पाचवीला ठेवला होता, साहेब. सटवाई लिहून गेली. तिचं अक्षर आपल्याला वाचता येत नाही, एवढंच."

भागोजी या खेपेला कोणी न सांगता हसला आणि पटकन त्याने औषधांच्या कपाटात तोंड घातलं.

"चालती हो! या क्षणी!"

"माझी नेमणूक ट्रस्टींच्या सहीने झाली," कृष्णाबाई म्हणाली. हे वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं. "काढायचं तर त्यांच्याच सहीचं पत्र लागेल. आपण मुंबईला लिहा. तोवर मी कामावर आहे. आणि तोवर वॉर्डातलं काही हलायचं नाही."

डॉक्टरांनी लिहिलं. चांगलं चार पानी लिहिलं, आणि सदाच पत्र टपालात टाकून आला. कृष्णाबाईने बोटं मोजली. स्टोव्हच्या वाती मागवायला पत्र गेलं होतं, त्याला उत्तर यायला दहा दिवस लागले होते. माणूस काढायची घाई जास्त असते, म्हणून तिने आठ धरले. रंगूला आठ दिवस हवे होते. हे दोन आकडे जुळले आणि तिला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं तिला मुंबईहून सर्टिफिकेट घेऊन निघाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

ते दिवस तिने जसं काम केलं तसं कधीच केलं नव्हतं. स्टोव्हवर हत्यारं आधी चढू लागली. हाकेला ती येत होती, पण "मिठागर" म्हटलं की येत नव्हती. डॉक्टरांनी दोन दिवस तीच हाक मारून पाहिली, तिसऱ्या दिवशी "नर्स" म्हणाले. रंगूचा ताप पत्र गेल्याच्या सातव्या दिवशी घसरला, आठव्या दिवशी पुन्हा चढला, त्या दिवशी कृष्णाबाईने जेवण केलं नाही. नवव्या दिवशी तो उतरला तो उतरलाच. दहाव्या दिवशी टाके काढले, ते डॉक्टरांनीच, मन लावून. आणि पाचवीचा पाटा दवाखान्यात पुजला, ही बातमी पाड्यावर पोचल्यावर तिथली मनुबाई दुसऱ्या बाळंतपणाला आपणहून आली, तिच्यामागे आणखी दोघी. चार खाटा एकाच वेळी भरल्या. दवाखाना बांधल्यापासून असं झालं नव्हतं.

पत्र चौदाव्या दिवशी आलं. शिस्तीस बाध आणल्याबद्दल नर्सला आजपासून कामावरून कमी केलं आहे, खोली सूर्यास्तापूर्वी रिकामी करावी. मजकूर थोडा होता. कृष्णाबाईने तो दोनदा वाचला. नोकरीचं तिला ठाऊकच होतं, तिला रुखरुख लागली ती चार खाटांची. तिने प्रत्येकीचा ताप पाहिला, तक्ते टांगले, मनुबाईच्या बाळाची नाळ पुसली आणि कपाटाच्या किल्ल्या भागोजीच्या हातात दिल्या. भागोजीने त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

रंगूही त्याच दिवशी घरी निघाली होती. सोनूबाई आणि कान्हा सामान घेऊन पुढे पिंपळाखाली जाऊन थांबले होते. मुलगी सोनूबाईच्या कुशीत होती.

"बाय, तुमी आता कुठं जानार?" रंगूने विचारलं.

"बघू. तुमच्या पाड्यावर बाळंत होणाऱ्या बायका काय संपल्यात? आधी तुला त्या झाडापर्यंत नेते. धर हात."

समोरच्या व्हरांड्यात डॉक्टर खुर्चीवर बसले होते. ओपीडीची वेळ होती, बाकांवर माणसं दाटीने बसली होती. कृष्णाबाई ट्रंक एका हातात आणि रंगूचा दंड दुसऱ्या हातात धरून बाहेर आली.

"नोकरांनी मागच्या दाराने जायचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मागे पायऱ्या आहेत, साहेब. हिला पायऱ्या उतरायच्या नाहीत. आणि मी आता नोकर नाही."

बाकावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला, ट्रंकेला वाट द्यायला असेल. मग त्याच्या शेजारचाही उठला. हळूहळू सगळा बाक उठला. डॉक्टरांनी समोरचं रजिस्टर उघडलं आणि त्यात मान घातली.

रंगू घाई करू लागली, लाजेने. कृष्णाबाईने तिचा दंड दाबला.

"सावकाश. टाके नुकते सुटलेत. घाई करायची नाही."

व्हरांडा बावीस पावलांचा होता. तो ओलांडायला त्या दोघींना बराच वेळ लागला.