सोहोनीचं काय?

खमरियाच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये सारी नोकरी काढलेल्या सुखराम खोब्रागड्यांचे हात रिटायर झाल्यावरही स्वस्थ बसत नव्हते. रांझीतल्या घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांनी एक टेबल टाकलं होतं. तिथं बसून ते शेजाऱ्यांची कुलपं दुरुस्त करत, बिघडलेले पंखे खोलत. त्यामुळे मुलीनं, एकतानं, नेपियर टाऊनमध्ये फ्लॅट घेतल्याचं सांगितलं तेव्हा वास्तुशांतीला काय न्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. दारावरची पाटी न्यायची, तीही स्वतःच्या हातानं केलेली.

सागवानाची फळी त्यांच्याकडे कधीची जपून ठेवलेली होती. पितळेचा पत्रा आणून त्यांनी एकेक अक्षर बारीक करवतीनं कापलं, कानशीनं घासलं, चिंचेच्या कोळानं चमकवलं. पाटी इंग्रजीत हवी हे ठरलेलंच होतं, कारण जावयाच्या घरचा सगळा कारभार इंग्रजीत. काय लिहायचं ते बघायला ते स्कूटर काढून त्याच भागात दोनदा फिरून आले. बंगल्याबंगल्यावर आडनावं होती, आणि जवळजवळ प्रत्येक आडनावाच्या शेवटी, एसच्या आधी वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखा वाकडा एक छोटासा आकडा लटकत होता. त्यांना तो फार देखणा वाटला. मग त्यांनीही 'द सोहोनीज' असं लिहून एसच्या आधी तो आकडा बसवला. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा कापायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एकताची सासू शरयूबाई. शहरातल्या एका मोठ्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मुलानं, अनुपमनं, खोब्रागड्यांची मुलगी पसंत केली तेव्हा त्यांनी जरासुद्धा खळखळ केली नव्हती. आम्ही असलं काही मानत नाही, असं त्या चारचौघांत सांगत. मानत नव्हत्याही कदाचित. पण एकता घरात आल्यापासून तिच्या इंग्रजीत त्यांना रोज काहीतरी सापडे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं काही टाकलं की खाली दुरुस्त केलेलं वाक्य यायचं, आणि त्याच्यापुढे एक हसरा चेहरा. एकतानं हळूहळू ग्रुपवर लिहिणंच सोडलं. हे सुखरामना ठाऊक नव्हतं.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी फ्लॅट पाहुण्यांनी भरला होता. शरयूबाईंच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या, अनुपमच्या बँकेतले लोक होते. सुखरामच्या पत्नी मालनबाई दारापाशीच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या. सुखरामनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी विहिणीच्या हातात दिली. शरयूबाईंनी कागद काढला आणि पाटी दिव्याखाली धरली.

"वाह, किती मेहनत," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "पण सुखरामजी, सोहोनीचं काय?"

सुखरामना कळलं नाही. ते हसले.

"नाही, सांगा ना. हे चिन्ह आहे ना, हे मालकी दाखवतं. आपल्याकडे चा-ची-चे असतं, तसं. तुम्ही लिहिलंय, सोहोनीचं. पुढे काही लिहिलंच नाही. म्हणजे सोहोनीचं काय? घर? कुत्रा? की मोलकरीण?"

मैत्रिणी हसल्या. बँकेतल्या कुणीतरी पाटी बघायला मागितली आणि ती हातोहात फिरू लागली. सुखराम म्हणाले की सगळीकडे असंच लिहिलेलं दिसलं, म्हणून केलं.

"सगळे चुकतात म्हणून आपणही चुकायचं का?" शरयूबाई आता वर्गात उभ्या असल्यासारख्या बोलत होत्या. "अच्छा, इकडे बघा. एक मुलगा, बॉय. पुष्कळ मुलं?"

सुखरामनी मुलीकडे पाहिलं. एकता हातातल्या ट्रेमधले ग्लास सारखे करत होती.

"बॉइज," ते म्हणाले.

"त्याला आकडा लावतो का आपण?"

"नाही."

"मग एक सोहोनी, पुष्कळ सोहोनी. काय लावायचं?"

"फक्त एस."

"शाब्बास," शरयूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींनीही वाजवल्या. साठी ओलांडलेला माणूस हॉलच्या मधोमध हात बांधून उभा होता. हात कधी बांधले गेले ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. अनुपम मोबाइलमध्ये बघत हसला. आणि मग एकताही हसली. थोडंसंच, ओठांच्या कोपऱ्यात, पण सुखरामनी ते पाहिलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी पाटी पुन्हा कागदात गुंडाळली. दुरुस्त करून आणतो म्हणाले. कुणी नको म्हटलं नाही.

घरी मालनबाईंनी विचारलं, चूक नेमकी कुठं झाली? त्यांना पाटी छानच दिसत होती. सुखरामनी समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या की बोलायला दोन्ही एकसारखंच येते, मग एवढा तमाशा काहून केला त्या बाईनं? पुन्हा त्या घरी पाटी घेऊन जायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. सुखरामनी ऐकलं नाही. आकडा काढला तर त्याच्या खिळ्याचं भोक राहात होतं आणि एस लांब पडत होता. त्यांनी सगळीच अक्षरं उपटली, फळी रंधून काढली आणि पहिल्यापासून पुन्हा बसवली.

त्या दिवसांत त्यांना एक नवीनच सवय लागली. बाजारात गेले की त्यांची नजर दुकानांच्या पाट्यांवर जायची. मोमोजच्या गाडीवर आकडा, चष्म्याच्या दुकानावर आकडा, मुलींच्या वसतिगृहावर तर भलत्याच जागी आकडा. प्रत्येक चूक दिसली की छातीत काहीतरी गार व्हायचं. आपल्याला कळतं आणि यांना कळत नाही, याचं सुख असतं, ते त्यांना म्हातारपणी पहिल्यांदा लाभत होतं.

पाटी तयार झाल्यावर ते नेपियर टाऊनला गेले. गेटवरच्या चौकीदारानं वर फोन केला, आणि 'वर या' म्हणायच्या ऐवजी एकता स्वतःच खाली आली.

"बाबा, वर नका येऊ आता. आईंच्या मैत्रिणी बसल्या आहेत."

"बरं. पण हे पाहून तर घे. एकदम करेक्ट करून आणलं."

तिनं कागद उघडला नाही. दाराला पाटी लागली होती. अनुपमनं नागपूरहून स्टीलची मागवली होती. ते तिनं सांगितलं, आणि मग गेटच्या सळईकडे बघत बोलत राहिली. बाबांना इंग्रजीची काय गरज होती? मराठीत, हिंदीत काही आणलं असतं, मिठाईचा डबा आणला असता, तर कुणी काही बोललं नसतं. आता सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगतात. टाळ्या वाजवून दाखवतात. हात बांधून कसे उभे होते तेसुद्धा करून दाखवतात.

"आणि मले तिथं बसून हसावं लागते, बाबा. तुम्ही तर घरी निघून जाता."

याच मुलीला इंग्रजी शाळेत घालायला त्यांनी ओव्हरटाइम केला होता. तिची पहिली कविता पाठ होईपर्यंत ते रोज तिच्यासमोर बसत, एक अक्षर कळत नसताना. ते तिला आठवत असेलही. सुखराम म्हणाले, "मग चौकीदाराजवळ ठेवून देतो. तुले जमेल तेव्हा नेजो."

"नको. तो वर आणून देईल."

ते पाटी घेऊन परतले. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, मुलीला आवडली. मालनबाईंनी स्कूटरच्या पायाशी उभं केलेलं पुडकं पाहिलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चौदा एप्रिलच्या जयंतीचा मेळा जवळ आला होता. विहाराजवळच्या बायांनी मेळ्यात पापडाचं दुकान लावायचं ठरवलं, आणि मालनबाईंच्या हातचे पापड नावाजलेले, म्हणून दुकान त्यांच्याच नावानं. एका दुपारी अंगणात सात-आठ जणी लाट्या करत बसल्या होत्या. शेजारच्या इंदिरानं इंग्रजी अक्षरं कागदावर काढून दिली होती, ती बघून मालनबाईंनी टिनाच्या पत्र्यावर ब्रशनं नाव रंगवलं. जन्मात पहिल्यांदा इंग्रजी काढलं होतं. अक्षरं वाकडी होती पण ठसठशीत होती. 'मालन्स पापड्स'. दोन्ही शब्दांत एसच्या आधी एकेक आकडा.

"अहो, या ना, बघा," त्यांनी हाक मारली.

सुखराम आले. त्यांनी पाहिलं, आणि छातीत ते गार झालं.

"पहिला बरोबर आहे. मालनचे," ते म्हणाले. "पण पापडचं काय?"

मालनबाई हसल्या.

"सांगा ना, मालनबाई. पापडचं काय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी बायकोला कधी मालनबाई म्हटलं नव्हतं. बायांना मौज वाटली, दोघी-तिघी फिसकन हसल्या. त्या हसण्यानं सुखरामना जोर आला. त्यांनी मालकी समजावली, अनेकवचन समजावलं. एक पापड, पुष्कळ पापड, काय लावायचं? मालनबाईंना सांगता येईना. त्यांनी पुन्हा विचारलं. इंदिरा मध्ये म्हणाली, जाऊ द्या ना भाऊजी, कामं पडली आहेत. सुखराम थांबले नाहीत. उत्तर यांच्याच तोंडून आलं पाहिजे, म्हणाले. ब्रश हातात धरून मालनबाई उभ्या होत्या आणि रंग त्यांच्या पायावर टपकत होता. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "फक्त एस."

"शाब्बास," सुखराम म्हणाले. किती दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

आता कुणी हसत नव्हतं. मालनबाईंनी टर्पेंटाइनची बाटली घेतली, चिंधी भिजवली आणि पापडावरचा आकडा पुसला. मग मालनवरचाही पुसायला लागल्या.

"तो राहू दे. तो बरोबर होता," सुखराम म्हणाले.

त्यांनी तो पुसला. मग एस पुसला, मग सगळं नाव. पत्रा कोरा झाल्यावर भिंतीला टेकवून ठेवला, हात साबणानं दोनदा धुतले आणि बायांमध्ये जाऊन लाटणं उचललं.

मेळ्यात दुकान बिनपाटीचंच लागलं. चला म्हणून सुखरामना कुणी बोलावलं नाही, आणि ते आपणहून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी इंदिरा कुंपणावरून सांगत होती, पापड दुपारीच संपले. एकताही येऊन गेली, आईजवळ बराच वेळ बसली होती. बाबा काहून नाही आले, असं तिनं विचारलं. मालनबाई म्हणाल्या, त्यांना बायांमध्ये करमत नाही.