उजव्या डोळ्यातली संशयी लेन्स

मी एक जुनी कॉन्टॅक्ट लेन्स आहे, मित्रांनो. पण जरा लांबूनच ऐका. हात धुतलेत का? साबणाने? आणि पुसलेत कशाला, शर्टाला ना? वाटलंच मला. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. सध्या मी गुलबर्ग्यात डोळ्यांच्या डॉक्टर धनलक्ष्मींच्या टेबलावर काचेच्या डबीत असते. तुमच्यासारखी मुलं तपासायला आली की त्या मला दाखवतात. मला इथे कोणी आणि का ठेवलं, तेच सांगते.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी अगदी नितळ होते. मिठाच्या पाण्याच्या बंद पुडीत झोपून मी वीरभद्रप्पांच्या चष्म्याच्या दुकानात आले. तिथून विभा मला घेऊन गेली. ती कॉलेजात शिकवते. तिचा चष्मा जाड होता आणि आलेलं एक स्थळ त्या चष्म्यापाशीच अडलं होतं. मला घरी आणलं त्याच दिवशी तिच्या आईने, इंदुताईंनी, तो चष्मा कुठेतरी ठेवून दिला. कुठे ते कुणाला सांगितलं नाही.

वीरभद्रप्पांनी बजावलं होतं, "महिना झाला की फेका, अक्का. आणि पाणी लावू नका."

"एवढी चांगली वस्तू महिन्यात फेकायची?" घरी आल्यावर इंदुताई म्हणाल्या. "दुकान चालावं म्हणून सांगायलाय तो."

विभाच्या उजव्या डोळ्यात मी बसते न बसते तोच कुणीतरी येऊन मला चिकटलं. मागोमाग आणखी कुणी. मी दचकले. अश्रू म्हणजे खारं पाणी, एवढंच मला ठाऊक होतं. मग हे कोण? चोर की हेर? विभा मला काढून द्रावणात चोळून धुवायची, पण त्यातले काही जागचे हलायचे नाहीत. सकाळी नवे हजर. मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही.

तरी ते दिवस बरे होते. शेवटच्या बाकाखाली लपवलेला मोबाइल विभाला माझ्यामुळे दिसायचा. मैत्रिणी म्हणायच्या, "डोळे किती सुंदर आहेत ग तुझे." कौतुक डोळ्यांचं, काम माझं. चालायचंच.

महिना संपला. मला कुणी फेकलं नाही. दुसराही संपत आला. अंगाला चिकटलेल्यांचा थर जाड होत गेला आणि मला नीट दिसेना. विभाचा डोळा संध्याकाळ झाली की लाल व्हायचा, पाणी गळायचं. इंदुताई ते स्वयंपाकघरातून बघायच्या.

"कुणासाठी रडायलीस ग?" एक दिवस त्यांनी विचारलंच.

"कुणासाठी न्हाई, आई. डोळ्यात खुपायलंय."

"खुपतंय म्हणून कुणी रोज रडतंय व्हय? मला शिकवू नको."

तेव्हापासून विभाचा फोन वाजला की इंदुताईंचं लाटणं थांबायचं. वडील अच्युतराव पेपर खाली करून बघायचे. विभाने चष्मा मागितला, तर "सापडंना झालाय" असं उत्तर मिळालं. मला ते खरं वाटलं नाही. पण लेन्सचं कोण ऐकतं?

मग सोलापूरकडचं एक स्थळ आलं. मंडळी दत्ताच्या दर्शनाला गाणगापूरला येणारच होती, तिथेच मुलगी बघू म्हणाली. सकाळी आम्ही मंदिरात गेलो. पुजाऱ्यांनी विभाच्या तळहातावर तीर्थ घातलं. तिने ते घेतलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने ओला हात आधी डोळ्यांना लावला, मग डोक्यावरून फिरवला. तुम्हीही असंच करता, ठाऊक आहे मला. ते पाणी माझ्या कडेखाली शिरलं. मित्रांनो, देवावर माझा संशय नाही, पण पाण्यावर आहे.

लॉजवर येईपर्यंत डोळा चुरचुरायला लागला. विभाने मला काढलं. द्रावणाची बाटली गुलबर्ग्यात राहिली होती. बाहेर माधुकरी मागणाऱ्या भक्तांची गडबड चालली होती आणि मुलाकडचे कुठल्याही क्षणी येणार होते. इंदुताईंनी नद्यांच्या संगमावरून भरून आणलेलं पाणी फुलपात्रात ओतलं.

"ह्यात ठेव. ह्याच्यापेक्षा शुद्ध पाणी कुठलं?"

त्या मनापासून म्हणाल्या. मी मात्र त्या फुलपात्रात जीव मुठीत धरून बसले होते. आजूबाजूला काय काय वळवळत होतं ते मला विचारू नका. थोड्याच वेळात पाहुणे आले, तशी विभाने मला न धुताच उचलून डोळ्यात घातलं.

पाहुणे समोर बसले. विभाच्या उजव्या गालावरून पाण्याची धार लागली. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "मुलीच्या मनात नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "जबरदस्तीने आणलंय का तिला?" मंडळी उठून गेली.

"आता तरी सांग, कोण हाय तो?" इंदुताईंनी विभाला विचारलं.

विभाने डावा डोळा हाताने झाकला होता. "आई, मला तुझं तोंड दिसंना झालंय. नुसता धूर दिसायलाय."

अच्युतराव चप्पल घालता घालताच गाडी बघायला धावले. गुलबर्गा येईपर्यंत इंदुताईंनी विभाचा हात सोडला नाही.

डॉक्टर धनलक्ष्मींनी मला काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि विभाची पापणी उलटून पाहिली. आत बारीक पुळ्या आल्या होत्या, बुबुळावर ओरखडा उठला होता.

"अक्का, हे बघा," त्या इंदुताईंना म्हणाल्या. "हे पांढरे ठिपके दिसायलेत न्हाई का, ती तिच्याच अश्रूंतली प्रथिनं. डोळ्याची राखणदार. जंतू आला की त्याला मारतात. लेन्स घातली की तिला येऊन चिकटतात. रोज धुतली, वेळेवर बदलली तर चालतंय. पण जुन्या लेन्सवर बसून बसून त्यांचं रूप बिघडतंय. मग डोळा त्यांना ओळखंना होतोय. आपल्याच माणसाला परकं समजून भांडायलाय. त्यात तुम्ही नदीचं पाणी घातलात. उद्या आला असता तर नजरेचं मी काही सांगू शकले नसते."

मी काचेवर पडून ऐकत होते. राखणदार! मी त्यांना चोर समजत होते. त्यांनाही मी परकीच वाटले असणार, आणि त्यांचं रूप बिघडलं ते माझ्याच अंगावर. मला फार वाईट वाटलं.

इंदुताई बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या. "म्हणजे ती रडत न्हवती," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पर्स उघडली. कुंकवाच्या डबीखालून, रुमालात गुंडाळलेला विभाचा चष्मा निघाला. गाणगापूरलाही तो त्यांच्याजवळच होता. त्यांनी स्वतःच्या हाताने तो विभाला घातला.

डोळा बरा झाला. औषधाला बरेच आठवडे लागले. माझी गरज संपली, म्हणून डॉक्टरांनी मला तुमच्यासाठी ठेवून घेतलं. तेव्हा ऐका. आम्हाला हात लावण्याआधी हात धुवा. नळाचं असो, नदीचं असो, पाणी आमच्यापासून लांब ठेवा. आमचे दिवस भरले की दया न दाखवता फेका. आणि घरात कुणाचा डोळा लाल दिसला तर कशामुळे झाला ते विचारा, आणि जे सांगतील ते खरं धरा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात चष्मा घातल्यावर विभा खरंच रडली. इंदुताईंनी डोळे पुसायला पदर उचलला, आणि तसाच खाली सोडला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "स्वच्छ कापूस देता का थोडा?"