कंसातलं नाव

मोरेश्वर बोरकुटे मौदा तालुक्यातून तलाठी म्हणून निवृत्त झाले होते आणि सहा महिन्यांसाठी लेकीकडे, देवयानीकडे, अमेरिकेत पिस्कॅटवेला आले होते. ती दिवसभर कॉलवर असायची. त्यांना बोलायला मिळाल्या त्या शेजारच्या पेगी टिअर्नी. शाळेत नर्स होत्या, आता ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, गुडघ्यांनी बेजार. मोरेश्वर त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत आणि त्यांना पेगीताई म्हणत.

पेगीताईंचे पणजोबा मायकल आयर्लंडहून आले होते. कुठल्या गावाहून, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या त्या काळच्या जनगणनेची कागदपत्रं जळून गेली होती. उरल्या होत्या जमीन आणि घरावरच्या कराच्या याद्या. पेगीताई अकरा वर्षं त्या इंटरनेटवर चाळत होत्या आणि एकाच जागी अडल्या होत्या. एकाच परगण्यात चार मायकल टिअर्नी निघाले होते.

एका शनिवारी देवयानी दुभाषी म्हणून मधे बसली आणि मोरेश्वरांनी ती यादी पाहिली. भाषा परकी होती, पण रकाने ओळखीचे होते. धारकाचं नाव, क्षेत्र, आकारणी. एका मायकलपुढे कंसात थेडी असं लिहिलं होतं. पेगीताईंनी तो दुसराच कुणी भागीदार समजून सोडून दिला होता.

"भागीदार नाही. बापाचं नाव आहे," मोरेश्वर म्हणाले. "एका नावाचे चौघे असले की आम्हीही असंच लिहायचो."

पेगीताई उठल्या आणि पणजोबांच्या लग्नाचा दाखला घेऊन आल्या. त्यात वडिलांचं नाव थॅडिअस होतं. थेडी हे त्याचंच घरगुती रूप. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या गावाचं नाव तीनदा वाचलं.

मोरेश्वरांनी पुढच्या वर्षांची वही मागितली. आपल्याकडच्या फेरफारासारखीच ती होती: जुनं नाव खोडायचं, वर वेगळ्या शाईने नवं लिहायचं. १८६२ मध्ये मायकलचं नाव खोडून ब्रिजेट टिअर्नी लिहिलं होतं. ते पुढे बत्तीस वर्षं तसंच होतं.

पेगीताईंनी त्या नावावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, मागे कुणी उरलंच नाही, असं आजोबा सांगायचे. ही मायकलची बायको होती का?

"ही नोंद नातं सांगत नाही," मोरेश्वर म्हणाले. "ते चर्चला विचारा."

पेगीताईंनी तिकडच्या चर्चला पत्र पाठवलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. थॅडिअसला दोन मुलं होती, मायकल आणि ब्रिजेट. बहीण अविवाहित राहिली, त्याच घरात १८९४ साली वारली. पेगीताईंनी रविवारी चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना ठेवली. ब्रिजेटसाठी आजवर कुणी काही केलंच नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मोरेश्वर आणि देवयानी शेवटच्या बाकावर बसले होते.

संध्याकाळी, भारतात सकाळ झाल्यावर, मोरेश्वरांनी भंडाऱ्याला धाकट्या बहिणीला, सरलाला, फोन लावला. वडील गेल्यावर हक्कसोडीचा कागद त्यांनीच तिच्यापुढे ठेवला होता. जेवणाची पानं मांडली जात होती, आणि तिने उभ्याउभ्या सही केली होती. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी आलंच नाही.

त्यांनी आधी ब्रिजेटची हकीकत सांगितली. मग म्हणाले, "सरू, तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. सही कर म्हणालो होतो."

"विचारलं असतंस तरी मी सही केलीच असती, दादा," सरला म्हणाली. "पण विचारायला हवं होतंस."

परत आल्यावर आपण दोघं बसून ते कागद नीट पाहू, असं त्यांनी सांगितलं. ती बरं म्हणाली. नंतर तिने तिकडे थंडी किती आहे ते विचारलं, पेगीताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि दोघं पाऊण तास बोलत राहिले.