सात नंबर राहू द्या

नगरपालिकेच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते. म्हणजे कोण काय बोललं, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं आणि शेवटी काय ठरलं, ते सगळं. बावीस वर्षं झाली. सभागृहात बोलायचं काम चौतीस जणांचं आणि न बोलायचं काम आमच्या बाईंचं, असं सचिवसाहेब म्हणतात. मला ते मानवतं. माझा आवाज मुळातच लहान. घरी हे म्हणतात, "तुझं बोलणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो."

माझा एक नेम आहे. दुपारी बाराच्या आत अकरा माळा जप पुरा करायचा आणि तोवर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मुलगी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा धरला, तो कधी मोडला नाही. एरवी पहाटे उठून उजाडायच्या आत माझं सगळं उरकतं. पण त्या सोमवारी मुलगी आणि जावई आले होते. सकाळ त्यांच्यामागे गेली. ऑफिस गाठलं तेव्हा तीन माळा शिल्लक होत्या आणि अकराला सभा होती.

टेबलाखाली डाव्या हातात माळ, टेबलावर उजव्या हातात पेन. असं पूर्वी दोनतीनदा केलं होतं. निभावलं होतं.

विषय क्रमांक तेरा, रस्त्यांवरच्या दिव्यांची दुरुस्ती. यादीत बारा रस्ते. कुणीतरी म्हणालं, चार नंबर यादीतून गाळा, तिथले दिवे नवे आहेत. अध्यक्ष म्हणाले, "चार राहू द्या हो. नवे असले म्हणून काय झालं, लागतायत कुठे?" सगळे हसले. मी लिहिलं, 'अ. क्र. ४ यादीत कायम ठेवून मंजूर.' बरोबर लिहिलं.

विषय क्रमांक चौदा, बाजाररस्त्याच्या फुटपाथवरून हटवायच्या टपऱ्या. यादीत नऊ. त्या वॉर्डाच्या नगरसेविका उठल्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे टीचर म्हणतात. त्या बोलायला लागल्या तेव्हा घड्याळात बाराला नऊ कमी होते आणि माझी शेवटची माळ निम्म्यावर होती. मी मणी भराभर ओढत होते. त्यांचं बोलणं कानावर पडत होतं, पण शेजारच्या घरातलं भांडण पडतं तसं. सूर कळतो, शब्द कळत नाहीत. मग अध्यक्षांचा आवाज आला, "ठीक आहे, सात नंबर राहू द्या. मंजूर? मंजूर. पुढे चला."

माझ्या पेनानं लिहिलं, 'अ. क्र. ७ यादीत कायम ठेवून सर्वानुमते मंजूर.'

बाराला दोन मिनिटं असताना माळ पुरी झाली. मी पाणी प्यायले. किती समाधान वाटलं होतं, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

दहाव्या दिवशी चेनवाली माझ्या खिडकीशी आली. बाजाररस्त्यावर, जुन्या छापखान्याच्या भिंतीला लागून तिची टपरी. हातानं फिरवायचं शिलाई मशीन, आणि डब्यांमधून मापाप्रमाणे लावलेले चेनचे रनर. गावातल्या निम्म्या पिशव्या, दप्तरं, जाकिटं तिच्या हातून उघडझाप शिकलेली. माझी पर्ससुद्धा. तोंडानं फटकळ, पण हात असा हलका की टाका दिसायचा नाही.

"ताई, हे बघा काय आलंय. वाचता येतं मला, पण हे वाचून कळत नाही."

टपरी आठ दिवसांत काढून घ्यावी, अशी नोटीस होती.

"चुकून आलं असणार," ती म्हणाली. "टीचर स्वतः येऊन सांगून गेल्या, तुझी टपरी राहिली म्हणून. दुसऱ्याच्या घरची नोटीस माझ्या दाराला चिकटवून गेला असेल तुमचा माणूस. त्याच्या चष्म्याची दांडीपण मीच शिवून दिली होती, मेल्याच्या!"

"चष्म्याची दांडी शिवतात होय?"

"मी शिवते. पिशवीच्या पट्ट्यानं. तुम्ही सांगा ना कुणाला तरी, ताई. तुम्ही तर आतल्याच."

तेव्हाच मला अध्यक्षांचं वाक्य आठवलं. राहिली. राहू द्या. यादीत राहू द्या, की जागेवर राहू द्या?

"बघते मी," म्हटलं.

सभेचं रेकॉर्डिंग होतं. दुपारी खोलीत कुणी नसताना ते कानाला लावलं. टीचरचा आवाज स्पष्ट होता. "ही बाई फुटपाथवर नाहीच आहे, भिंतीच्या खोबणीत आहे. मी टेप लावून मोजलंय. कुणाच्या पायात येत नाही, तिला कशाला हटवता?" आणि अध्यक्ष, "ठीक आहे, सात नंबर राहू द्या."

एवढ्यावर सगळं निस्तरलं असतं. पण रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक आवाज होता. टक. टक. टक. टीचरच्या प्रत्येक वाक्यामागून, एकसारखा. माईक माझ्या टेबलावर असतो. मण्यावर मणी पडत होता तो आवाज.

मी ते तीनदा ऐकलं. दर वेळी आधी मणीच ऐकू आले.

संध्याकाळी निघताना सचिवसाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, इतिवृत्तात काही चुकलं असेल तर?"

"पुढच्या सभेत कायम व्हायच्या आधी सांगायचं. रेकॉर्डिंग लावायचं, सगळ्यांनी ऐकायचं, दुरुस्त करायचं. पाच मिनिटांचं काम. एकदा कायम झालं की मात्र ठराव तीन महिने उघडता येत नाही. का हो? तुमचं चुकलंय?" आणि ते हसले. "तुमचं चुकलं तर मी मिशी काढीन."

"नाही, असंच विचारलं," मी म्हणाले.

सगळ्यांनी ऐकायचं. चौतीस जणांनी, अध्यक्षांनी, पत्रकारांनी. ऑफिसात माझ्याविषयी बोलताना लोक आवाज खाली आणतात. कुणाला उपासाची तारीख हवी असली, कुणाच्या घरी आजार असला, तर माझ्याकडे येतात, "बाई, तुमच्या देवाला सांगा." त्या सगळ्यांसमोर ती टकटक वाजणार. मी स्वतःला सांगितलं, टीचरच सभेत हरकत घेतील. त्यांचाच विषय आहे. आपण मधे कशाला?

पुढची सभा पुढल्या आठवड्यात, गुरुवारी होती. टीचर आल्या नाहीत. त्यांच्या सुनेला दवाखान्यात नेलं होतं, बाळंतपण अडलं होतं.

अध्यक्ष बसले, चष्मा पुसला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "मागील सभेचं इतिवृत्त वाचले असे समजून कायम करायचं?"

"कायम, कायम."

आमच्याकडे इतिवृत्त कुणी वाचत नाही. वाचले असे समजतात. बावीस वर्षं मला त्याचा अभिमान होता, माझ्यावरचा विश्वास म्हणून.

मी उभी राहिले. खरंच उभी राहिले. म्हणाले, "साहेब, चौदा नंबरच्या विषयात..."

माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. तो आवाज तिसऱ्या खुर्चीपलीकडे जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? समोर माईक होता. तो जवळ ओढायला हात पुरला असता.

सचिवसाहेब मात्र शेजारीच होते. त्यांनी मान वळवली. "बाई, काही म्हणालात?"

सगळं सभागृह थांबलं नव्हतं, पण ते थांबले होते. वाट बघत होते.

"नाही," मी म्हणाले, आणि बसले.

घरी गेल्यावर यांना सगळं सांगितलं. पंखा बंद करून त्यांनी ऐकलं.

"अगं, तू काय मुद्दाम लिहिलंस का?"

"लिहिलं ते नाही मुद्दाम."

"मग?"

"नाही म्हटलं, ते मुद्दाम."

हे उठून पंखा लावून आले. मग म्हणाले, "जेवून घे," आणि स्वतःच पानं घेतली. मी दोन घास खाल्ले. देवासमोर बसले तर तिथेही तोंड दाखवावंसं वाटेना. जप त्याचा होता, पण बाराची घाई माझी होती. त्यानं कधी घड्याळ मागितलं होतं?

शुक्रवारी सकाळी सचिवसाहेबांच्या टेबलावर रेकॉर्डिंग ठेवलं. त्यांनी ऐकलं. कपाळाला आठी घालून पुन्हा ऐकलं.

"आणि ही टकटक कसली?"

"माझी माळ आहे, साहेब."

त्यांनी कानातलं काढून हळू टेबलावर ठेवलं. चिडले असते तर बरं झालं असतं. "काल विचारलं होतं मी तुम्हाला," एवढंच म्हणाले. मग कागद ओढून, माझ्यासमोरच, टीचरच्या नावानं टिपण लिहिलं. तीन महिने पुरे झाल्यावर फेरविचाराचा विषय आणता येईल. रेकॉर्डिंग पुसू नये. खाली मी सही केली. मिशीबद्दल ते काही बोलले नाहीत.

"आणि तोवर टपरी?"

"सोमवारी गाडी जाणार. आता माझ्या हातात नाही, बाई."

दुपारच्या सुट्टीत बाजाररस्त्यावर गेले. चेनवाली एका जाकिटाची चेन मेण लावून वरखाली करत होती. उभ्या उभ्या सांगितलं. काय ऐकलं नाही, का ऐकलं नाही, काय लिहिलं, काय म्हणायचं राहिलं. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"म्हणजे बघा हं," शेवटी ती म्हणाली. "सभेत लक्ष नव्हतं तुमचं. होतं असं. माझीपण सुई बोटात जाते. पण मी तुमच्याकडे नोटीस घेऊन आले, तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि काल बोलायची वेळ होती?"

"हो."

"आणि तुम्ही माळेचा आवाज कुणी ऐकू नये म्हणून..."

पुढचं तिनं सोडलं. जाकीट घडी करून ठेवलं.

"आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर आहे," मी म्हणाले. "खिडकी मोठी आहे. तीन महिने तिथे मशीन मांडा. यांनाही विचारलंय मी."

"आणि रोज सकाळी तुमचं तोंड बघत चेनी लावू? नको बाई. देवमाणसाच्या घरी राहणं परवडायचं नाही मला."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. ती मशीनचं चाक उगाच एकदा फिरवून म्हणाली, "एक करा. लोकांच्या एकोणीस पिशव्या पडल्यात तयार. सोमवारनंतर मी कुणाला सापडायची नाही, बहिणीकडे जाईन. त्या ज्याच्या त्याला पोचवा. माझं नाव खराब व्हायला नको."

नावपत्ते नव्हते. प्रत्येक पिशवीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्या अक्षरात. 'निळा जिना, दुसरा मजला.' 'बोळातलं कुत्रंवालं घर.' 'नर्सबाई, दवाखान्यामागे.' सोमवारी गाडी येऊन टपरी घेऊन गेली. त्या शनिवार-रविवारी मी आणि हे हिंडलो. ओझं यांच्याकडे, जिने माझ्याकडे.

निळ्या जिन्यावरच्या बाईंनी विचारलं, "हे तुम्ही कसं आणलंत? ती कुठंय?"

"टपरी हटवली नगरपालिकेनं."

"मेल्यांना दुसरा धंदा नाही! एका बाईच्या पोटावर पाय देतात."

मी मान डोलावली. डोलावली, आणि जिना उतरताना मधेच थांबावं लागलं. खाली हे पिशव्या सांभाळत उभे होते. म्हणाले, "काय झालं? घर बंद होतं का?"

"नाही. परत जाऊन येते."

पुन्हा वर गेले. बेल वाजवली. "नगरपालिकेनं नाही," म्हटलं. "मी सभेत लिहिताना चुकले, आणि नंतर सुधारायची वेळ होती तेव्हा गप्प बसले. म्हणून गेली तिची टपरी."

"काय म्हणालात? नीट बोला हो, ऐकू येत नाही."

मी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. शेजारचं दार उघडलं. त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग पिशवी छातीशी धरून आत गेल्या.

मग प्रत्येक दारी तेवढंच सांगितलं. कुणी "असू दे" म्हणालं, कुणी काहीच नाही. नर्सबाईंनी तोंडावर सांगितलं, "तिनं माझ्या आईच्या व्हीलचेअरची पिशवी फुकट शिवली होती. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही सांगितलंत म्हणून झालं?" मी म्हटलं, नाही वाटत.

एकोणिसावी पिशवी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची होती, कॅमेऱ्याची. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चेन लावून पाहिली, उघडून पाहिली, पुन्हा लावली. कुठे अडत नव्हती.

"आणि दुसऱ्या खणाची चेन आहे ना," ते म्हणाले, "ती पुढच्या महिन्यात करून देते म्हणाली होती. आता कुठे न्यायची?"

"विचारून येते," म्हटलं आणि त्यांच्याकडूनच कागद घेऊन त्यावर 'दुसऱ्या खणाची चेन' लिहिलं आणि तिच्या बहिणीचा पत्ता शोधायला निघाले.