सोपानचं पत्र माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. गप बसणं माझ्या स्वभावात नाही. मानसिंगरावांबरोबर फौजेत वीस वर्षं हिंडले, फलाटाफलाटावर आदळले, अंगभर पोचे पडले. पण जीव खरा टांगणीला लागला तो बहात्तरच्या जूनमध्ये, कवठे महांकाळात, घरात पडून असताना.

मानसिंगराव पेन्शनीत आले आणि त्यांची लेक शालन माझंच टेबल करून बसू लागली. गल्लीतली बरीच पोरं फौजेत. त्यांच्या घरची पत्रं शालन माझ्या पाठीवर लिहायची. त्या जूनमध्ये मात्र तिला स्वतःसाठी लिहायचं होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या वसतिगृहाच्या अर्जासोबत निबंध मागितला होता, आयुष्यातल्या एका प्रसंगावर. जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर लग्न. अर्ज दुसऱ्या दिवशीच्या टपालानं जायला हवा होता.

शालननं 'माझे ध्येय' लिहिलं, फाडलं. 'देशसेवा' लिहिलं, तेही फाडलं. उठायची, बसायची, माझ्यावर बोटं वाजवायची. मला तर वेड लागायची पाळी आली!

"माझं लिव की," मानसिंगराव म्हणाले. "मी फौजेत व्हतो."

"आबा, तुमी लंगरात चपात्या भाजत व्हता."

"मग? उपाशीपोटी लढाई व्हती व्हय गं?"

अगं बये, गोष्ट माझ्या पोटात आहे, झाकण उघड! मी मनातल्या मनात ओरडत होते.

झालं होतं असं. आदल्या हिवाळ्यात, लढाई चालू असताना, शेजारच्या धोंडुबाईनं सीमेवरच्या आपल्या लेकाला, सोपानला, पत्र सांगायला घेतलं. अर्ध्यातच तिला धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. थोरली माणसं म्हणाली, सुट्टी मिळायची न्हाई, पोराचा जीव तुटंल, कळवू नका. मग शालन पाच महिने लिहीत राहिली, म्हातारी बरी हाय, वाट बघती. ते अर्धं पत्र तिनं माझ्या तळाशी दडवलं. मे महिन्यात सोपान सुट्टीवर आला, तो आईला लुगडं घेऊनच. तेव्हापासून शालन त्याच्या समोर जात नव्हती.

शेवटी तिनं खाडकन झाकण उघडलं. पत्र काढलं आणि अजून सुट्टीवरच असलेल्या सोपानला हाक मारली. तो येऊन माझ्याशेजारी बसला. कागदावर होतं, 'मला लुगडं आणू नगंस. तू नुसता ये.' सोपान ते तीनदा वाचून ढसाढसा रडला.

"दादा, मी लय खोटं लिवलं. चुकलं माझं."

"चुकलंच," तो डोळे पुसत म्हणाला. "पण त्याच पत्रांवर मी दिवस काढलं गं. आता हेच लिव सांगलीला."

शालन एका बैठकीत लिहून उठली. मानसिंगराव धास्तावले. "पोरी, आपल्या तोंडानं खोटारडी म्हणून घेतीस? कोण घेईल तुला?"

"न्हाई घेतलं तर न्हाई, आबा. खरं हाय ते."

घेतलं तिला! एसटीच्या टपावर बसून मीही सांगलीला गेले.

आता माळ्यावर गंजत पडले आहे. मित्रांनो, मला रंग लावा, बरं वाटेल. पण आधी आत बघा. कुणाचं पत्र राहिलं असेल तर आजच नेऊन द्या. सोपानच्या आईचं पत्र सहा महिने माझ्यापाशी होतं आणि मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.