नाव न लिहिलेली चिठ्ठी

वेदिकाला चांगलं काम करायची घाई फार. नाशिकच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी, चौघांना बरोबर घेऊन दर शनिवारी एखाद्या शाळेत जायची आणि पोरांना सांगायची, की ताप आला तर आपण सांगतो, तसं मनात सलत असेल तेही सांगायचं. बोलून झालं की बुटाच्या खोक्याची पेटी वर्गात फिरायची. वहीच्या पानावर काय ते लिहायचं, नाव मात्र टाकायचं नाही. "पेटी आम्हीच उघडणार. तुमच्या सरांनासुद्धा कळणार नाही," असं ती अगदी छातीवर हात ठेवून सांगे, आणि पोरांचा विश्वास बसे. तिच्याकडे बघून कुणाचाही बसला असता.

त्या शनिवारी पाळी पिंपळगाव बसवंतच्या एका शाळेची होती. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर टेम्पोंची रांग लागली होती. बाकीचे चौघे नववीत खेळ घेत होते आणि वेदिका लायब्ररीत एकटी बसून आठवीची पेटी उघडत होती. गणिताची भीती, बाबांचं ओरडणं, मैत्रिणीने धरलेला अबोला, असल्याच चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर मात्र तिचा हात थांबला.

"आई कामावर गेली की घरी जो असतो त्याची भीती वाटते. शाळा सुटली की मी मुद्दाम उशीर करते. सोमवारपासून आईला डबल पाळी आहे. ताई काहीतरी करा."

अशी चिठ्ठी आली तर शाळेत कुणालाही न दाखवता आधी कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना फोन करायचा, हे वेदिकाला आणि बाकीच्या चौघांना पक्कं बजावलेलं होतं. तिने दोनदा लावला, दोन्ही वेळा बंद. तिने थांबायला हवं होतं. पण शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा, तासाभरात सुटणार, आणि ही जी कोण मुलगी होती ती त्याच घरी जाणार. वेदिका तशीच चिठ्ठी मुठीत धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली.

बोरस्ते सर वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं. पोरांसाठी जीव टाकणारे होते. चिठ्ठी वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाची आहे?"

"माहीत नाही सर. आम्ही नाव लिहायला सांगत नाही."

"नाव कशाला लागतंय?"

अठ्ठावीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला अक्षर ओळखणं म्हणजे हातचा मळ. आठवीच्या निबंधवह्यांचा गठ्ठा टेबलावर होताच. चार वह्या उलटल्या, पाचवी त्यांनी उघडीच ठेवली. "संजना. हल्ली फार गप्प असते पोरगी."

वेदिकाला हायसं वाटलं. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं; आता मोठी माणसं काय ते बघतील.

सरांनी शिपायाला संजनाला आणायला पाठवलं आणि रजिस्टर काढून फोन लावला. पोराचं काही बिनसलं की पहिल्यांदा घरच्यांना बोलवायचं, ही त्या शाळेची जुनी रीत.

"कुणाला बोलावलंत सर?"

"आई द्राक्षं भरायच्या पॅकहाउसला कामाला असते, तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. चुलत्याचा नंबर आहे. इथे जवळच राहतो, येईल पाच मिनिटांत."

वेदिकाने चिठ्ठीतली पहिली ओळ पुन्हा वाचली. "सर, घरी कोण असतं ते आधी तिला एकटीला विचारू या."

"विचारू की. काका आले की समोरासमोरच विचारू."

संजना दारात आली. तिने टेबलावरची चिठ्ठी पाहिली, शेजारची आपली वही पाहिली, मग वेदिकाकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात ना, सरांना कळणार नाही म्हणून?"

बाहेर मोटरसायकल थांबली.

संजनाचा चुलता नाथा चपला दाराबाहेर काढून, हात जोडून आत आला. संजना मागे सरकत कपाटाला टेकली. सरांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती सावकाश वाचली, व्यवस्थित घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"लय भित्री हाय ओ सर ती. आई दिवसभर कामाला, घरी मी एकलाच असतो. अभ्यासावरून बोललो आसंन." मग पोरीकडे वळून म्हणाला, "चल गं. घरी बोलू."

आता कुठे सरांचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस त्यांनीच बोलावलेला, रजिस्टरमध्ये नाव असलेला. "सोमवारी आईला पाठवा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "तिला सोडू नका, सर," वेदिका म्हणाली, तोवर नाथाने पोरीचा दंड धरलाही होता. संजनाने मागे वळून पाहिलं नाही.

वेदिका धावत फाटकापर्यंत गेली. मोटरसायकल हायवेच्या गर्दीत शिरली होती. तिने मुलांच्या मदतीचा नंबर फिरवला, दहा अठ्ठ्याण्णव. पलीकडच्या बाईंनी शांतपणे नाव, वय, गाव विचारून घेतलं. वेदिकाने तेवढं सांगितलं, आणि चिठ्ठीत काय होतं तेही.

"आम्ही लगेच माणसं पाठवतो. तोवर मुलीला तुमच्याजवळच बसवून ठेवा. आणि ती बोलली आहे हे त्या माणसाला अजिबात कळू देऊ नका."

"त्याला कळलंय," वेदिका म्हणाली. "आम्हीच सांगितलं."