गोरोबांची हुबेहूब सही

नळदुर्गजवळच्या त्या गावात, मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. सहा महिन्यांपूर्वी वारलेले गोरोबा सोमेश महाराजांच्या अंगात आले होते! डोक्यावरून शाल ओढून महाराज चौरंगावर वाकले, घुमले आणि कागदावर सही करून मोकळे झाले. चेल्यानं ती लॅपटॉपवर गोरोबांच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली.

"शंभर टक्के! केसाचा फरक न्हाय!"

जयजयकार उठला. गोरोबांची बायको मथुराबाई महाराजांच्या पायावर कोसळली.

"मथुरे," महाराज घोगऱ्या आवाजात बोलले, "विहिरीजवळचं रान मठाला दे. तवाच मला गती मिळंल."

'मथुरे' ऐकताच गोरोबांची लेक निकिता हिच्या अंगावर शिसारी आली. आपल्या मेलेल्या बापाचा, दादांचा, आवाज हा माणूस भाड्यानं आणल्यासारखा वापरत होता. उमरग्याच्या एका बँकेत सह्या तपासण्यात तिची आठ वर्षं गेली होती. आईला समजावून थकली, म्हणून आज ती कागद घेऊनच आली होती.

"ह्या तिन्ही सह्या दादांच्याच," ती पुढं होत म्हणाली. "ही माझ्या प्रगतिपुस्तकावरची, ऐटीतली. ही घाईतली. ही लकव्यानंतरची, बँकेच्या मशीननं हिला नापास केलं होतं. वय, आजार, पेन, सगळ्यानं सही बदलते. खऱ्या माणसाची सही स्वतःशीसुद्धा तंतोतंत जुळत न्हाय. शंभर टक्के आले की आमी समजतो, कुणीतरी गिरवलीय."

"आत्म्याची परीक्षा घेतीस? जीभ झडंल!" महाराज गरजले.

"झडू द्या."

तिनं चौरंगाभोवतीचं लाल कापड ओढलं. वर काच, खाली पेटलेला दिवा, आणि काचेला चिकटवलेली गोरोबांच्या पॅनकार्डची झेरॉक्स. अन्नदानाच्या नोंदीसाठी म्हणून मठानंच ती मागून नेली होती. शालीच्या अंधारात महाराज ती सही निवांत गिरवत होते, आणि चेला तिच्याशीच ताडत होता.

मथुराबाई सावकाश उठल्या. ज्या पायांवर डोकं ठेवलं होतं त्यांच्याकडं बघून त्यांनी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

"शेवटी त्यास्नी घास धरता येत नव्हता. मेल्यावर अक्षर सुधारलं व्हय रं, मुडद्या?"

महाराजांना गावकऱ्यांनी त्यांच्याच गाडीत घालून थेट पोलीस ठाण्यात नेलं.

दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो, आणि असले भोंदू नेमकं तेवढंच हेरतात. म्हणून चमत्कार दिसला की आधी पुरावा मागा. पुरावा मागितल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्याच्या नावानं बाजार मांडू दिला, तर होतो.